तिला सांग

छोटी बाहत्तर वर्षांची, ताई एकोणऐंशीची, आणि एकतीस वर्षं या सख्ख्या बहिणी एकमेकींशी थेट बोलल्या नव्हत्या. पण रुसून एकीने दुसरीचं तोंड बघायचं नाही, असला पोरकटपणा या घरात नव्हता. इथे अबोल्यालाही रीत होती. एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली बसायचं आणि मधल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे, तोंड करून म्हणायचं, "तिला सांग." मग दादाने मान वळवायची आणि जे खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलंय तेच पुन्हा एकदा सांगायचं. लग्नं, मयतं, ऑपरेशनं, वडिलांच्या घराची वाटणी, सगळं याच वाटेने पार पडलं होतं. पाहुण्यांना हसू यायचं. घरातल्यांना त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं, आणि दादाला तर आपण दमतो कशाने हेसुद्धा कळत नसे.

त्या रविवारी दुपारी सगळे दादाच्या चष्म्याच्या दुकानात जमले होते. पुढचं शटर अर्धं ओढलेलं, आणि मागे डोळे तपासायची लांबट खोली. येत्या शुक्रवारी चित्रपट संग्रहालयात छोटीचा सत्कार होता. तिच्या भूमिकांतले तुकडे जोडून चाळीस मिनिटांची फीत दाखवायची होती. हार-शाल काही नको म्हणून तिने आधीच कळवलं होतं. मागितलं ते एवढंच, की पहिल्या रांगेतली मधली खुर्ची माझ्या थोरल्या बहिणीसाठी ठेवा.

ताईचं उत्तर दादामार्फत आलं. येईन, पण त्या फितीत ती शिंपीण दिसता कामा नये.

आणि पंचाईत अशी, की संग्रहालयाने सत्काराची पत्रिका छापून वाटलीसुद्धा होती, आणि तिच्यावर त्या शिंपिणीचाच फोटो होता.

*

फीत जोडायचं काम दादाच्या मुलीकडे आलं. ती सिनेमाची संकलक होती, म्हणून घरात तिला कात्री म्हणत. नाव कोणी घेतच नसे. तीन आठवडे ती आत्याचे सिनेमे बघत बसली होती आणि तिला स्वतःची लाज वाटू लागली होती. लहानपणापासून ती ऐटीत सांगायची, माझी आत्या नटी आहे. समोरचा विचारायचा, कशात होती? तिथे तिची गाडी अडायची. एकशे बारा सिनेमे, आणि सगळ्यात मोठी भूमिका बावीस मिनिटांची. पोस्टरवर चेहरा एकदाही नाही.

पण ओळीने बघायला बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की या बायका एकमेकींच्या नात्यातल्याही वाटत नाहीत. एक तुरुंगातली जाडजूड जमादारीण होती. कैदी बायकांची झोप मोडू नये म्हणून ती किल्ल्यांचा जुडगा मुठीत गच्च धरून चालायची, आणि हे करताना आपल्याला कोणी बघत नाही ना, याची खात्री करून घ्यायची. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबून भाडेकरूंची उणीदुणी काढणारी एक घरमालकीण होती. सर्कशीची तिकिटं विकणारी एक होती, काचेमागून नुसत्या ओठांनी भांडणारी. एका सिनेमात तर दोनच मिनिटं काम होतं. मंत्र्याची विधवा घरी परत येते आणि हातमोजे काढते, बस्स. पण ते हातमोजे ती ज्या सावकाशीने काढते, त्यावरून कळतं की या बाईला सुटल्यासारखं वाटतंय.

आत्या संवाद नंतर पाठ करायची, आधी चपला ठरवायची. पायात काय आहे हे कळलं की बाई कळते, असं तिचं म्हणणं. जमादारणीसाठी तिने एका बुटात वाळूची पुरचुंडी ठेवली होती. हे सगळं करून मिळालं काय, तर एकदा स्वतःच्याच सिनेमाच्या पहिल्या खेळाला दारावरच्या माणसाने तिला आत सोडलं नाही. ही गोष्ट दादा लोकांना हसत हसत सांगायचा. कात्रीला आता त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळेना.

आत्याने तिला जुन्या पाकिटाच्या पाठीवर नऊ सिनेमांची नावं लिहून दिली होती. आठ सापडली. नववं नाव कात्रीने पुन्हा एकदा वाचलं. तो सिनेमा घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होता. मोठ्या आत्याचा, म्हणजे ताईचा, तो जीव की प्राण. त्यात आत्या नव्हतीच. कात्रीने नामावली तीनदा थांबवून थांबवून वाचली. नाव नव्हतं. आत्या विसरायला लागली, असं तिने मनाशी ठरवून टाकलं, आणि कोणाला न सांगता ते नाव पाकिटावरून खोडलं. या घरात सगळ्यांना एकच खोड होती. छोटीबद्दल काही ठरवायचं तर ते छोटीला न विचारता ठरवायचं.

*

दादाने भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उतरवून ठेवला, तेव्हा भिंतीवर फक्त खिळ्यांची चार भोकं राहिली. खोली लांबट असल्यामुळे प्रोजेक्टर नीट बसला. खुर्च्या मांडताना त्याने सवयीने ताईची एका टोकाला आणि छोटीची दुसऱ्या टोकाला ठेवली, आणि स्वतः रोगी बसतात त्या फिरत्या स्टुलावर मध्ये बसला. मान वळवण्यापेक्षा स्टूल फिरवणं बरं पडतं, हा त्याचा अनुभव होता. त्याची बायको आलीच नव्हती. हे भांडण मी एकतीस वर्षं ऐकतेय, शेवट झाला की कळवा, असं सांगून ती माहेरी गेली होती.

ताईबरोबर तिचा मुलगा होता. धंद्याने वकील आणि हाकेलाही वकील. त्याची आईसुद्धा त्याला तशीच हाक मारायची. त्याने संग्रहालयाला द्यायचं एक पत्र करून आणलं होतं. माझ्या आईची बदनामी करणारं दृश्य जाहीर कार्यक्रमात दाखवू नये, अशा अर्थाचं. दादाने ते वाचलं, घडी घातली आणि भिंगांच्या पेटीखाली सरकवून ठेवलं.

छोटी सगळ्यात शेवटी आली. करड्या रंगाचा तयार कोट, सपाट बूट, हातात पिशवी. ती येते तेव्हा खोलीत कोणी आलं असं वाटतच नाही, असं दादाला नेहमी वाटायचं. पडद्यावर एवढ्या बायका होणारी ही, घरात एकही होत नाही. तिने ताईकडे पाहून मान लववली. ताईने छताकडे पाहिलं.

"तिला सांग," ताई म्हणाली, "मी भांडायला आलेले नाही. ती शिंपीण काढा, मी शुक्रवारी येते. न काढली तर घरी बसते. एवढंच."

दादाने स्टूल फिरवलं आणि सांगितलं.

वकिलाने बदनामीची व्याख्या सांगायला सुरुवात केली. कात्रीने मध्येच तोडलं. ती म्हणाली, की आत्याच्या साऱ्या आयुष्यात चार लोकांनी नाव घेतलं ते या एका भूमिकेमुळे. ती काढली तर फितीचा कणाच मोडेल, आणि पत्रिकेचं काय? वकील म्हणाला, पत्रिका पुन्हा छापता येते. ती म्हणाली, वकिली कोर्टात कर. दोघं मामे-आतेभावंडं लहानपणापासून असंच भांडत आलेली, आणि दोघांनाही त्यात मजा यायची. दादाला मात्र घाम फुटला. तो हळूच म्हणाला, की ते दृश्य अर्धं घेतलं तर? अर्ध्यावर कोणाचंच समाधान झालं नाही. शेवटी ठरलं, की सगळ्यांनी ते एकदा बघावं. ताईने ते एकदाच पाहिलं होतं, एकतीस वर्षांपूर्वी, आणि तेही पूर्ण नाही.

*

भिंतीवर शिंपीण आली. ओठांत टाचण्या, डाव्या मनगटाला बांधलेली टाचण्यांची गोल उशी, गळ्यात टेप. समोर पाटावर धाकटी बहीण उभी, अर्धवट शिवलेल्या झग्यात. शिंपीण तिच्याभोवती फिरते, खाली वाकून घेर सारखा करते, आणि टाचण्यांमधून, आवाज न चढवता, तिला सांगते की उद्यापासून तू या घरात राहायचं नाहीस. मुलगी दचकते. शिंपीण एक टाचणी काढते, कापडात खुपसते आणि म्हणते, "हलू नकोस, टोचेल."

हे वाक्य त्या काळी गावभर झालं होतं. ताईचं कपडे शिवायचं दुकान होतं, आणि ओठांत टाचण्या धरून बोलायची तिची लकब सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत होती. सिनेमा लागला त्या आठवड्यात एक बाई माप द्यायला उभी राहिली आणि ताई काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "हलू नकोस, टोचेल," आणि फिदीफिदी हसली. मग दुसरी. मग शाळेतल्या मुली दुकानावरून जाताना. त्यानंतर बावीस वर्षं ताईने दुकान चालवलं, पण ते वाक्य पुन्हा तोंडातून काढलं नाही. जरा थांबा, म्हणायची. कोणी हललं तर टोचू द्यायची.

लोकांना वाटे, ताईला नक्कल झोंबली. ताईनेही तसंच वाटू दिलं होतं. नुसती नक्कल असती तर तिने चार दिवस आदळआपट करून सोडून दिलं असतं. झोंबलं ते वेगळंच. छोटी एकोणीस वर्षांची असताना एका संध्याकाळी दुकानात पाटावर उभी होती, अंगात अर्धा शिवलेला झगा होता, आणि ती म्हणाली होती की मी नाटकवाल्यांबरोबर जाणार. आई गेल्यावर या पोरीला ताईने शिवणाच्या जिवावर वाढवलं होतं. ताईच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने आवाज न चढवता सांगितलं, की मग उद्यापासून या घरात राहायचं नाही. पोर दचकली. आणि ताई म्हणाली, हलू नकोस, टोचेल.

दुकानात तेव्हा दोघींशिवाय कोणी नव्हतं. हे वाक्य जगात दोनच माणसांचं होतं, आणि त्यातल्या एकीने ते पडद्यावर नेऊन टाकलं. ताईने भिंतीकडे पाहिलं. शिंपीण मुलीचा चेहरा बघत नव्हती, फक्त घेर बघत होती. मी अशीच बघत होते, ताईला वाटलं, आणि तिला तेव्हाइतकाच राग आला.

कात्रीने फीत थांबवली. मग छोटी दादाला म्हणाली, "तिला सांग, काढू हे. माझी काही हरकत नाही."

कात्री उसळली. आत्या, तुझं सगळ्यात मोठं काम आहे ते, असं म्हणाली. छोटीने नुसता हात वर केला.

"पण मग त्या जागी माझं नववं घे. पाकिटावर लिहिलं होतं, ते. तू खोडलंस वाटतं."

कात्री लाल झाली. तिला खरं सांगावं लागलं. आत्या त्या सिनेमात नाहीच, म्हणून आपण ते गाळलं. नामावली तीनदा पाहिली. आणि तिने सिनेमाचं नाव सांगितलं.

ताई खुर्चीत ताठ झाली.

*

या सिनेमाची गोष्ट अशी. एका लहान स्टेशनावर रेल्वे चुकून सात वर्षांचा मुलगा एकटाच मागे राहतो. तापाने फणफणलेला. त्याची आई उलट्या दिशेची गाडी पकडून येईपर्यंत स्टेशनाची झाडलोट करणारी एक म्हातारी त्याला सांभाळते. म्हातारीचं काम अकरा मिनिटांचं, आणि बोलणं चार वाक्यांचं. ताईने हा सिनेमा थिएटरात सात वेळा पाहिला होता, पुढे घरी किती वेळा याचा हिशेब नाही, आणि प्रत्येक वेळी ती रडली होती. तिचं मत ठाम होतं, की ही बाई नटी नाहीच. दिग्दर्शकाने खरीच कुठलीतरी म्हातारी धरून आणलीय. आणि हे मत ती छोटीसमोर मुद्दाम मांडायची. वडिलांच्या तेराव्या स्मृतिदिनाला सगळे जमले असताना ती दादाला म्हणाली होती, "तिला सांग, अभिनय याला म्हणतात. जमलं तर त्या म्हातारीकडून चार गोष्टी शिक म्हणावं."

छोटी तेव्हा म्हणाली होती, "सांग तिला, प्रयत्न करते."

आणि दादाने, देवमाणूस तो, दोन्हीकडचं इमानेइतबारे पोचवलं होतं.

आता ताई दादाकडे वळली. "तिला सांग, माझी शिंपीण केलीस तेवढी पुरे झाली. आता माझा सिनेमाही स्वतःच्या नावावर लावू नकोस."

दादाने सांगितलं. सांगताना त्याला कसंसंच झालं, कारण छोटीचं वय होत चाललंय हे त्याच्याही मनात येऊन गेलं होतं. मागच्याच महिन्यात ती चष्मा दुकानात विसरून गेली होती. त्याने आवाज मऊ करून विचारलं, की छोटे, तू बेचाळीसची होतीस तेव्हा. ती म्हातारी पंचाहत्तरची तरी होती. आठवतंय ना तुला?

"लाव," छोटी कात्रीला म्हणाली.

कात्रीने लावलं.

*

वकिलाला हा सिनेमा आवडत नसे. त्याच्या आईला रडताना बघावं लागे, आणि एरवी कधी न रडणारी बाई एका भलत्याच म्हातारीसाठी रडते याचा त्याला हेवा वाटे, हे त्याने कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. म्हणून तो आजवर पडद्याकडे अर्धवटच बघत आला होता. आज तो साक्षीदाराकडे बघावं तसा बघू लागला. मावशी खोटं बोलत असेल तर ते पकडायचं होतं.

म्हातारी पाय ओढत आली. चेहरा सुरकुतलेला, खालचा ओठ लोंबता, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मावशीचं काहीही त्यात नव्हतं. मुलगा बाकावर निजलेला. म्हातारीच्या उजव्या हातात कंदील. ती वाकली. डावा हात तोंडाजवळ नेला, हनुवटीने मनगटावरचं काहीतरी वर कोपराकडे सरकवलं, आणि मनगटाची आतली बाजू मुलाच्या कपाळावर टेकवली.

मनगटावर काहीच नव्हतं. बाही तर कोपरापर्यंत आधीच फाटलेली होती.

वकिलाला कपाळावर काहीतरी जाणवलं. तो पन्नाशीला आलेला माणूस, पोट सुटलेलं, केस पिकलेले. पण शाळेत असताना दर हिवाळ्यात त्याला ताप यायचा, आणि आई शिवण सोडून उठायची. उजव्या हातात कात्री किंवा कापड असायचं. बोटांची टोकं सुयांनी निबर झालेली, त्यांना ताप कळत नसे. मग ती डाव्या मनगटावरची टाचण्यांची उशी हनुवटीने वर ढकलायची आणि मनगट टेकवायची. हनुवटीला कधी कधी टाचणी टोचायची, तिथे लाल ठिपका उठायचा. त्या ठिपक्यावरून तो ओळखायचा की आईने रात्री आपला ताप बघितलाय.

"आई," तो म्हणाला, "हे तू करायचीस."

"काय करायचे?"

"ते हनुवटीने. माझा ताप बघताना."

ताईने त्याला वेड्यात काढलं. मी कशाला हनुवटीने काही करू, माणसाला हात असतात. दादा मात्र भिंतीकडेच बघत होता. त्यालाही लहानपणी ताप आलाच होता की. ताई त्याच्याहून चारच वर्षांनी मोठी, पण आई गेल्यावर ताप बघणारी तीच. त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"करायचीस, ताई," तो म्हणाला. "अजून करतेस. मागच्या महिन्यात माझ्या कपाळाला हात लावलास तेव्हाही. उशी नसली तरी करतेस."

ताईने कात्रीला ते मागे घ्यायला सांगितलं. म्हातारी पुन्हा वाकली. ताईने पुन्हा मागे घ्यायला सांगितलं. तिसऱ्या वेळी ती खुर्चीवरून उठली, भिंतीजवळ गेली, आणि तिच्या पाठीवर ते स्टेशन आणि तो कंदील पडला. तिने आपलं डावं मनगट वर उचललं आणि त्याच्याकडे पाहिलं. मग ती खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे वळली.

"हाताला उशी नाहीये," ती म्हणाली. "मग सरकवलंस काय?"

दादाने सवयीने स्टूल फिरवलं, तोंड उघडलं, आणि तसाच राहिला. त्याला कोणी काही सांगायला सांगितलंच नव्हतं.

"दिग्दर्शकानेही हेच विचारलं होतं," छोटी म्हणाली. "मी म्हटलं, ताप असाच बघतात. मला खरंच तसं वाटायचं. चांगली मोठी होईपर्यंत वाटायचं, की सगळीकडे असंच बघतात."

"नामावलीत नाव का नाही तुझं?"

"घालू नका म्हणून मीच सांगितलं. शिंपिणीला वर्षही झालं नव्हतं. नाव असतं तर तू तिकीट काढलं असतंस?"

ताईने विचार केला. "नसतं काढलं."

"म्हणून."

कात्रीच्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. हे काम त्या वर्षी कोणी केलंय हे लोकांना कळलं असतं, तर आत्या बावीस मिनिटांवर अडकली नसती. तीस वर्षं. कोणी विचारलं नाही, आणि हिने सांगितलं नाही. तिला आत्याचा राग आला, आणि मग स्वतःचा, कारण पाकिटावरचं ते नाव तिनेच खोडलं होतं.

ताई भिंतीजवळच उभी होती. तिने जे विचारायचं ते आता विचारलं.

"ती शिंपीण कोण? खरं सांग."

"तू."

"आणि ही म्हातारी?"

"हीही तूच." छोटीने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ते वाक्य आपल्या दोघींचं होतं, ते मी चव्हाट्यावर नेलं. मला राग होता म्हणून नेलं. त्याचं मला वाईट वाटतं. पण ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही, ताई. तू मला घराबाहेर काढलं होतंस."

"काढलं होतं," ताई म्हणाली.

"मग दोन्ही खरं."

वकिलाला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. त्याने दादाकडे पाहिलं. दादाने ओठांवर बोट ठेवलं.

ताई सावकाश चालत खोलीच्या त्या टोकाला गेली. बारा-तेरा पावलंच होती, तक्त्यावरची अक्षरं वाचायला जेवढी लागतात तेवढी. छोटीच्या समोर उभी राहून तिने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, एखादं गिऱ्हाईक न्याहाळावं तसं.

"शुक्रवारी हाच कोट घालणार?"

"हो."

"तयार घेतलास. डावा खांदा बघ केवढा उतरलाय. पहिल्या रांगेत बसून हे बघत बसू का मी?" मग मान न वळवता तिने कात्रीला सांगितलं, "आधी ती शिंपीण लाव, मग म्हातारी. दोन्ही ठेव. आणि म्हातारीच्या वेळी हिचं नाव मोठ्या अक्षरात येऊ दे."

दादाने तिला आठवण करून दिली, की तुझ्या डोळ्यांना आता शिवण झेपत नाही, मी स्वतः तपासलेत. ताईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. नऊ वर्षं झाली दुकान बंद होऊन, पण तिच्या पर्समध्ये टाचण्यांची डबी असायचीच. तिने चार टाचण्या काढल्या, ओठांत धरल्या आणि छोटीच्या खांद्याचं कापड चिमटीत उचललं. इतक्या जवळून तिने बहिणीला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. केस पार विरळ झाले होते. छोटीचा खांदा थरथरायला लागला, आणि तिला तो थांबवता येईना.

"हलू नकोस," ताई टाचण्यांमधून म्हणाली. "टोचेल."